प्लास्टरवरचा रस्ता

११ जानेवारी

प्रिय दादा,

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे पत्र. घासायच्या मशीननं तुझे कान खाल्ले आणि शिक्षा माझ्या हाताला.

मुद्द्यावर येते. मागच्या खेपेला तू मला हॉस्पिटलातली तुमची ती खोली दाखवलीस ना, जिथे तुम्ही कृत्रिम पाय बनवता, तिथे मागच्या फळीवर प्लास्टरचे पांढरे पाय ओळीनं ठेवले होते. अर्धेच. कुणाचा गुडघ्याखाली संपलेला, कुणाचा मांडीपाशी. तू पट्ट्यांबद्दल काहीतरी समजावत होतास आणि मी मान हलवत होते, पण खरं सांगते, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. मी त्या फळीकडे बघत होते. तेव्हापासून दुसरं काही दिसतच नाही.

माझं काय चाललंय ते तुला ठाऊक आहे. दिवसभर शाळेत मुलांना चित्रकला शिकवते, घरी येऊन कॅनव्हाससमोर बसते आणि नुसती बसून राहते. चित्र काढलं तर सपाट वाटतं. मातीत काही केलं तर मुकं वाटतं. या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवंय आणि ते काय हे मला सांगता येत नाही. त्यात एप्रिलमध्ये एका गॅलरीत चार-पाच जणांचं प्रदर्शन आहे. धड चित्र नाही, धड शिल्प नाही, अशा कामांचं. गॅलरीवाल्या साहेबांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, दादा. मी हो म्हणून बसले आणि हातात काही नाही.

तर मला ते पाय हवेत. तुम्ही नंतर फोडूनच टाकता ना? काय करणार ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

वहिनीला सांग, तिनं विणलेला स्वेटर अंगात आहे म्हणून बोटं चालतायत.

तुझी,
छोटी

२० जानेवारी

प्रिय छोटी,

पत्र मिळालं. तुझं अक्षर डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं आहे. मी हॉस्पिटलात नोकरीला नसतो तर वाचता आलं नसतं.

तुझ्या डोक्यात शिरलं नव्हतं ते पुन्हा सांगतो. माणूस येतो. त्याच्या उरलेल्या पायाला आम्ही ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतो. सुकल्या की ती खोळ अलगद काढायची आणि तिच्यात पातळ प्लास्टर ओतायचं. खोळ सोलली की आतून निघतो तो ठोकळा तू पाहिलास. मग मी तो कानशीनं घासतो, हाडापाशी थर चढवतो, मांसापाशी खरवडतो. त्या ठोकळ्यावर कृत्रिम पायाची वाटी बेततात, जिच्यात माणूस आपला पाय घालतो. वाटी जमली की ठोकळ्याचं काम संपलं. हातोडा, आणि मग पोत्यात.

तेव्हा हो, फोडूनच टाकतो. एक खोकं भरून पाठवलंय. नावं आणि नंबर घासून टाकलेत. मोठ्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं, पण ते रजेवर आहेत, आणि कचरा नेऊ का असं विचारलं तर हसतील असं वाटलं. तुझी वहिनी म्हणाली, "लोकांचे पाय पार्सलनं पाठवताय, आत काय आहे म्हणून विचारलं तर काय सांगाल?" मी शोभेच्या वस्तू असं सांगितलं.

ठोकळ्यांवर निळ्या खुणा दिसतील. ओली केली की निळी उमटणारी पेन्सिल असते आमच्याकडे. जिथे दाबलं की दुखतं तिथे मी कातडीवर खूण करतो, ती प्लास्टरवर उतरते. पुसल्यास तरी चालेल.

दादा

१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

खोकं आलं. पहिला आठवडा मी त्यातल्या एकालाही हात लावला नाही. खोलीच्या एका बाजूला ते आणि एका बाजूला मी, अनोळखी पाहुण्यांसारखे बसून होतो.

मग सुरू केलं, आणि जे केलं ते बिघडलं. एकाला पुढे पाऊल जोडलं, तर तो दुकानातला पुतळा झाला. एकावर निसर्गचित्र काढलं, तर ते सहलीहून आणायच्या फुलदाणीसारखं दिसायला लागलं. एकाच्या खाली खुर्चीचा मोडका पाय लावला. शेजारच्या खोलीतली छापे काढणारी मैत्रीण आली, दारातूनच म्हणाली, "हे चित्र आहे की शिल्प?" मी म्हटलं, "फर्निचर." ती हसली. मला हसू आलं नाही.

पण एक आहे. गुडघ्याखालचा. त्याच्या पुढच्या बाजूनं शिवणीचा व्रण गेलाय, तिरका, कुणीतरी घाईत टीप मारावी तसा. त्याच्यावर मी पातळ कॅनव्हास चिकटवला, अगदी कातडीसारखा ताणून, आणि त्यावर माझ्या खिडकीतून दिसणारा रस्ता रंगवला. दुकानांची छपरं, सायकली, खांब, तारा. रस्ता ठोकळ्याभोवती वळत जातो, म्हणजे बघणाऱ्याला त्याच्याभोवती फिरावं लागतं. व्रणापाशी मात्र कॅनव्हास जोडलाच नाही. तिथे फट ठेवलीय. आत तुझं पांढरं प्लास्टर आणि निळ्या खुणा. कितीदा ब्रश घेतला आणि कितीदा ठेवला. तिथे हात पुढे जात नाही.

हे काय झालंय मला कळत नाही. पण पहिल्यांदाच मी केलेल्या एका वस्तूकडे मी पुन्हा पुन्हा वळून बघतेय. फोटो पाठवते. तुझं काय मत?

छोटी

२५ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

फोटो पाहिला. पहिली गोष्ट म्हणजे तू तो उलटा उभा केलायस. वरची सपाट बाजू खाली आणि पायाचं टोक आकाशात. माणूस डोक्यावर उभा केल्यासारखं वाटलं मला. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, कलेत चालतं तसं." चालत असेल.

मत काय देणार? मी तो बराच वेळ बघितला. रस्ता छान आहे. सायकलवाला तर जिवंत वाटतो. पण मला रस्ता दिसत नाही छोटे, मला हाड कुठे आहे ते दिसतं. तुला जे नवं दिसतं ते मला दिसत नाही आणि मला जे दिसतं ते तुला सांगता येत नाही.

एक ऐक. बाकीचे हवे तितके ठेव. हा एक ठेवू नकोस. कारण विचारू नकोस.

दादा

८ मार्च

प्रिय दादा,

कारण विचारणार नाही, कारण ते मला कळलंय. तुला लाज वाटते. आपली बहीण लोकांच्या तुटलेल्या पायांवर रंग फासते हे तुझ्या सहकाऱ्यांना कळलं तर ते काय म्हणतील, असं तुला वाटतं. तसं सरळ लिहायचंस. मला राग आला नसता. आला असता, पण गेलाही असता.

तो एकच चांगला आहे, दादा. बाकीचे सगळे मी फोडले. तुझ्याच पद्धतीनं, हातोडा आणि पोतं. गॅलरीवाले साहेब परवा येऊन बघून गेले. चष्मा कपाळावर चढवून त्याच्याभोवती गोल फिरले आणि म्हणाले, "हा दालनाच्या मधोमध." निमंत्रणपत्रिकेवरही त्याचाच फोटो आहे, सोबत पाठवतेय. पाच एप्रिलला उद्घाटन. तू आणि वहिनी आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी पत्रिका निदान फेकू नकोस.

छोटी

९ एप्रिल

छोटे,

घाईत लिहितोय, हे वेळेत पोचू दे.

मला लाज वाटत नव्हती. उलट तुझी पत्रिका आली तशी मी ती आमच्या त्या खोलीतल्या फलकावर टाचली. बहिणीचं नाव छापून आलंय, किती दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. ज्या एकीला ती दिसायला नको होती, ती इतक्यात यायचीच नाही, असं धरून चाललो होतो. माझंच डोकं फिरलं होतं.

काल त्या बाई कृत्रिम पायाचा पट्टा बदलून घ्यायला आल्या. बसमध्ये कंडक्टर होत्या. अपघातात पाय गेला, आता डेपोत बसून काम करतात. त्यांच्या पायाचा तो ठोकळा. इतकी माणसं येतात, पण असं कुणी पाहिलं नाही मी. माप घेताना तो उरलेला पाय त्या मला आणि स्वतःलाच काय ते बघू देतात. नवऱ्यानं पाहिलेला नाही, मुलीनं पाहिलेला नाही. घरात कायम लांब झगा. म्हणून तुला म्हटलं होतं की हा ठेवू नकोस. तेव्हाच सगळं लिहायला हवं होतं, पण रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही अशी सवय लागलीय.

त्यांनी फलकावरची पत्रिका पाहिली. जवळ गेल्या. त्या तिरक्या व्रणावर बोट ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. "प्रदर्शन अजून आहे का हो?" एवढंच विचारलं. पत्रिका काढून पिशवीत घातली आणि पट्टा न बदलताच गेल्या.

त्या तिथे येतील असं मला वाटतं. पन्नाशीच्या, उंच, केस आखूड. आल्या तर आधी त्यांचं ऐकून घे.

दादा

१० एप्रिल

प्रिय दादा,

तू आला नाहीस ते बरंच झालं असं आधी वाटलं, आणि आता वाटतं तू असतास तर मला काहीतरी सांगितलं असतंस, कारण आज जे झालं त्याचा मला अर्थच लागत नाही.

दुपारी दालनात फारसं कुणी नव्हतं. एक बाई आल्या, उंच, आखूड केसांच्या. जरा जपून चालत होत्या, मला वाटलं बूट चावत असेल. सरळ मधोमध आल्या. माझ्या कामाभोवती एक फेरी, दुसरी फेरी. मग गार्डकडे खुर्ची मागितली आणि समोर बसल्या. बसूनच राहिल्या. इतक्या मनापासून कुणी माझं काम बघितलं नव्हतं. मी हरखून गेले आणि जवळ जाऊन समजावायला लागले. शरीर म्हणजे एक प्रदेश असतो वगैरे. चित्र आणि शिल्प यांच्यातली भिंत वगैरे. त्या मान हलवत होत्या.

मग म्हणाल्या, "हे कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "माझं."

"तुमचं?"

"म्हणजे मी केलंय."

"विकायचं आहे?"

"हो," मी म्हटलं. केवढ्या उत्साहानं म्हटलं!

त्या उठल्या. गळ्यातला राखाडी स्कार्फ काढला आणि ठोकळ्यावर पांघरला. गार्ड धावत आला तर त्याला असा धक्का दिला की तो भिंतीवर आदळला. आणि त्या निघून गेल्या.

आता ऐक पुढचं. गॅलरीवाले साहेब आले, चष्मा कपाळावर, स्कार्फकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काढू नका. आता ते पूर्ण झालं." मैत्रीण म्हणाली, ही बाई वेडी असणार. एकजण म्हणाला, हे मी आधीच ठरवून केलेलं नाटक असणार. मी दोघांनाही नाही म्हटलं. खरं सांगू? स्कार्फखाली ते जास्त चांगलं दिसतंय. मी तो तसाच ठेवून घरी आले. आणि आता जेवण जात नाही.

कोण असेल रे ती?

छोटी

१४ एप्रिल

दादा,

तुझं नऊ तारखेचं पत्र आज आलं. माझं तुला मिळालं असेलच.

मी त्यांना म्हटलं, माझं. त्यांच्यासमोर उभं राहून.

काम उतरवलंय. साहेब चिडले, करारावर माझी सही आहे म्हणाले. असू दे. ते स्कार्फसकट माझ्या खोलीत आहे. मी काय करू ते सांग. पत्र लिहू त्यांना? भेटायला येऊ? की त्यात पुन्हा त्यांनाच त्रास?

आणि हे केलं तेव्हा मी काही चोरलं असं मला वाटलं नव्हतं. आत्ताही नक्की वाटत नाही. म्हणूनच जास्त भीती वाटते.

छोटी

२१ एप्रिल

प्रिय छोटी,

मोठ्या डॉक्टरांना मी स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चौकशी होईपर्यंत मी माणसांची मापं घ्यायची नाहीत असं ठरलंय. सध्या कोपऱ्यात बसून पट्टे शिवतो. यात तुझा दोष नाही, खोकं मी भरलं होतं.

गोष्ट आता सगळ्या विभागात पसरलीय. कुस्ती शिकवणारे एक म्हातारे गुरुजी आमच्याकडे येतात, त्यांचाही ठोकळा तुझ्या खोक्यात होता. मी माफी मागायला गेलो तर ते माझ्यावरच उखडले. "माझा का नाही लावला प्रदर्शनात? काय कमी आहे माझ्या पायात?" तू तो फोडलास हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आता मला सांग, यातून माणसानं काय शिकायचं?

कंडक्टरबाई काल आल्या होत्या. माझ्याशी नेहमीसारखंच बोलल्या, त्यानं मी जास्तच घाबरलो. म्हणाल्या, "तुम्ही लोक काम झालं की तो फोडता ना?" मी हो म्हटलं. "मग माझा का नाही फोडला?" मी हातातला पट्टा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "तो आणायला सांगा. मी फोडते."

पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी त्या येणार आहेत. त्यांनी तुला बोलावलेलं नाही, फक्त ठोकळा मागितलाय. तू पार्सलनं पाठवू शकतेस. ठरव तू.

दादा

१२ मे

प्रिय दादा,

त्या शनिवारी मी ठोकळा घेऊन आले, तेव्हा कंडक्टरबाईंनी तुला बाहेर थांबायला सांगितलं आणि नंतर मी बसमध्ये बसेपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलू शकले नाही. तू विचारलंही नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार. आत काय झालं ते आता लिहिते.

मी ठोकळा तुझ्या टेबलावर ठेवला. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सुलटा, टोक खाली. तो उभा राहीना, म्हणून आडवा केला. स्कार्फ घडी करून त्यांना दिला, तो त्यांनी पिशवीत टाकला. मग बराच वेळ रंगवलेल्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"कुठला रस्ता आहे हा?"

"माझ्या खिडकीतून दिसतो."

"बस जाते इथून?"

"नाही, अरुंद आहे."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. काय ठीक होतं देव जाणे. मग बोट फटीवर ठेवलं. "इथे का थांबलात?"

"हात पुढे गेला नाही."

"हं."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "राहू द्या. मीही तुमच्या गार्डला ढकललंय." आणि हातोडा उचलला.

तुझे ठोकळे दोन घावांत फुटतात ना? हा फुटला नाही. दाणकन आवाज झाला आणि ठोकळा तसाच. त्यांनी पुन्हा मारला, पुन्हा मारला. आत प्लास्टरचा चुरा होत होता, ते ऐकू येत होतं, पण वरचा कॅनव्हास सुटेना. मी इतका घट्ट चिकटवला होता. फटीतून तेवढा पांढरा भुगा टेबलावर सांडत होता. त्यांना घाम आला. मी मदत करू का विचारलं, तर अशा नजरेनं पाहिलं की मी भिंतीला चिकटले.

शेवटी त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "तुमचं कापड सोडत नाहीये."

मी म्हटलं, "डिंक चांगल्यातला आहे."

दादा, याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन. पण त्या हसल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी तिथेच उभी. जवळ जावं की बाहेर जावं, काही सुचेना. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि दोन्ही हात ठोकळ्यावर ठेवून तो दाबायला लागल्या. आता तो ठोकळा नव्हताच, खड्यांनी भरलेली पिशवी झाली होती. दुकानं आत गेली, खांब वाकले, सायकलवाला दुमडला. दाबून दाबून त्यांनी त्याचा कसलातरी आकार केला आणि हात झटकले.

"आता हा माझ्यासारखा दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"घेऊन जा. घरी कुठे ठेवू मी हे?"

आणि दार उघडून तुला आत बोलावलं.

तर ते आता माझ्या टेबलावर आहे. पाय नाही, पुतळा नाही, चित्र नाही. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण मी आजवर जे काही केलंय त्यात हे सगळ्यांत चांगलं आहे. मी केलंय असं तरी कसं म्हणू? माप तुझं, पाय त्यांचा, रस्ता माझा, हातोडा त्यांचा. साहेबांना कुठूनतरी कळलं, ते येऊन बघून गेले. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. मोठ्या संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी मागतायत. मी अजून उत्तर दिलेलं नाही. द्यावं का? बाईंनी घेऊन जा म्हटलं होतं. दाखवा असं म्हटलं नव्हतं.

तुझ्या चौकशीचं काय झालं?

छोटी

३० जून

प्रिय छोटी,

चौकशी संपली. मला समज मिळाली आणि माझं काम परत मिळालं. आता ठोकळा फोडण्याआधी माणसाला विचारायचं असा नियम झालाय. बहुतेक जण विचारल्यावर गोंधळतात. एकानं उलट मलाच विचारलं, "तुम्ही काय कराल माझ्या जागी?" गुरुजी मात्र स्वतःचा नवा ठोकळा बगलेत मारून घरी घेऊन गेले.

काल कंडक्टरबाई आल्या होत्या. त्यांना ते परत हवंय. ते फोडलेलं. मी म्हटलं, "तुम्हीच दिलं होतं ना तिला?" म्हणाल्या, "दिलं होतं. आता हवंय." कशासाठी ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुला संग्रहालयाचं काय ते ठरवायचं असेल. मी यात बोलणार नाही. एकदा कारण न देता नको म्हणून बघितलं आणि त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. या वेळी माझ्याकडे कारणच नाही.

दादा

८ जुलै

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी मी साहेबांना हो म्हटलं होतं. कंडक्टरबाईंचं नाव माझ्या नावाशेजारी लावायचं, त्यांना विचारून लावायचं, असं सगळं ठरवलं होतं. मनातल्या मनात त्यांना मी उद्घाटनाला बोलावलंही होतं. पुन्हा एकदा त्यांच्या वतीनं सगळं मीच ठरवून मोकळी!

तीन दिवस स्वतःशी भांडले. एकदा वाटलं, त्यांना समजावून सांगू, हजारो लोक बघतील. मग आठवलं की समजावून सांगण्यात मी किती हुशार आहे. एकदा वाटलं, त्या फेकून देतील. मग वाटलं, देऊ देत. पुढच्याच मिनिटाला वाटलं, कसं देऊ देत? मैत्रीण म्हणाली, तसंच दुसरं करून साहेबांना दे. मी हसले. दुसरं कुठून करू? कुणाला हातोडा देऊ?

आज पाठवलंय. कापसात गुंडाळलंय. आत चिठ्ठी घातली होती, मग काढली, मग घातली, शेवटी काढली. साहेबांना आता देणार नाही म्हणून कळवलं. ते म्हणाले, तुम्हाला स्वतःला काय हवंय तेच तुम्हाला कळत नाही. बरोबर आहे त्यांचं.

टेबल रिकामं आहे. त्यावर थोडा पांढरा भुगा राहिलाय, तो मी पुसलेला नाही.

छोटी

२ ऑगस्ट

प्रिय छोटी,

तुझं पार्सल आलं, ते मी न उघडता कंडक्टरबाईंना दिलं. त्यांनी वजन हातात तोलून बघितलं आणि घेऊन गेल्या.

काल त्यांच्या घरी जायचा योग आला. नव्या पायाची वाटी घासत होती, त्यांना यायला जमत नव्हतं, म्हणून मीच हत्यारं घेऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नवरा कामावर गेला होता, मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी खिडकीपाशी बसून वाटीची कड घासली. आता तुला खरं सांगायला हरकत नाही. घासत होतो वाटी आणि बघत होतो घर. भिंती बघितल्या. कपाटावर बघितलं. कोपऱ्यात, पलंगाखाली जेवढं दिसलं तेवढं बघितलं. दारामागे केराची बादली होती, तिच्यातही नजर टाकली. कुठेच दिसलं नाही. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, पण तिथून मुलीची पाठ तेवढी दिसत होती.

दोनदा विचारावंसं वाटलं. दोन्हीदा त्यांनी चहा घेणार का विचारलं, आणि मी हो म्हटलं. दोन कप झाले.

वाटी बसली. त्या उठून चालून आल्या, खिडकीपर्यंत आणि परत. आता घासत नाही म्हणाल्या. मी हत्यारं गोळा केली. त्या जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मी चार पायऱ्या उतरलो असेन, तेव्हा वरून हाक आली. या कानांना ती ऐकू आली हेच विशेष, म्हणजे त्या चांगल्या मोठ्यानं ओरडल्या असणार, बसमध्ये शेवटच्या माणसापर्यंत आवाज जावा तशा.

"तुमच्या बहिणीला कळवा," त्या म्हणाल्या, "पोचलं म्हणून."

मी मान वर करून बघितलं, तोवर दार लावून घेतलं होतं.

दादा